मोटारीतील ध्वनियंत्रणा : वॅट नव्हे, कसब विका

कन्नड हे सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे गाव. एका बाजूस वेरूळमार्गे सुमारे ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), तर दुसऱ्या बाजूस औट्रम घाट उतरला की चाळीसगाव. अशा रस्त्यावरच्या गावात गॅरेज, बॅटरी, पंक्चर, वेल्डिंग आणि गाडीचे वायरिंग ही कामे ओघानेच येतात. आपल्या समाजातील अनेक तरुण याच कामांत हात काळे करून प्रामाणिकपणे पोट भरीत आहेत. गाडीत स्टिरिओ, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसविण्याचे काम हीदेखील याच धंद्याची एक शाखा होय. या लेखात आम्ही त्या कामाची शिस्तवार माहिती देत आहोत. ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांना ती उपयोगी पडेलच. शिवाय जे केवळ गाडीमालक आहेत त्यांनाही आपले पैसे कोठे जातात हे कळेल.

पूर्वी या धंद्यातील कमाई मालावर होती. दुकानदार मुंबईहून किंवा औरंगाबादहून टेप आणि स्पीकर आणी, त्यावर नफा घेई आणि बसवून देण्याची मजुरी जवळजवळ फुकट धरी. आता दिवस पालटले आहेत. नव्या गाडीत कंपनीचाच स्टिरिओ असतो. ज्याला बदलायचा आहे तो मोबाइलवर भाव पाहतो, माल घरपोच मागवितो आणि खोके घेऊन दुकानात येतो. मालावरचा नफा असा हातातून निसटला आहे. मात्र खोक्यातला माल स्वतःहून गाडीत बसत नाही आणि बसला तरी नीट वाजत नाही. तेथे कारागीर लागतो. म्हणून यापुढे या धंद्यात टिकायचे असेल तर विकायची वस्तू आहे ती कसब, वॅट नव्हे. हा मुद्दा आम्ही क्रमाक्रमाने स्पष्ट करू.

१. वॅटचा हिशेब

ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘भाई, किती वॅटचा आहे?’ स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. हा आकडा कोठून येतो ते साध्या गणिताने पाहू.

इंजिन चालू असताना गाडीतील विजेचा दाब सुमारे १४ व्होल्ट असतो. स्टिरिओच्या आतला छोटा ॲम्प याच १४ व्होल्टवर चालतो. साधारण स्पीकर ४ ओहमचा असतो. आवाज स्वच्छ हवा असेल तर ध्वनीच्या लाटेचे टोक १४ व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे तिचा परिणामकारक दाब सुमारे १० व्होल्ट भरतो. आता १० गुणिले १०, भागिले ४, म्हणजे २५ वॅट. आतील घट वजा जाता प्रत्यक्षात १५ ते २० वॅट मिळतात. मग ५० कसे? १४ गुणिले १४, भागिले ४ केले की ४९ येतात. हा पूर्णपणे फाटलेल्या आवाजाचा आकडा होय. लाटेचे डोके चपटे होऊन ती चौकोनी बनते तेव्हाच तो मिळतो, आणि तो आवाज कोणीही आवडीने ऐकत नाही. काही खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांत आकडे असतात. त्यांना तर कोणत्याही मापाचा आधार नाही. पाहायचा तो ‘आरएमएस’ हा आकडा.

दुसरी गोष्ट अशी की वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केल्यास आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जाणवेल इतकाच. आवाज दुप्पट मोठा वाटण्यास सुमारे १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी वॅट १० पट करावे लागतात. याउलट ८७ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. हा आकडा स्पीकरच्या खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला असतो. जो दुकानदार ग्राहकाला तो काढून दाखवील त्याच्यावर ग्राहकाचा विश्वास बसेल.

२. सुरुवात दरवाजापासून

बहुतेक ग्राहक स्टिरिओवर पैसे संपवितात, थोडे स्पीकरवर घालतात आणि दरवाजाचा विचारच करीत नाहीत. वास्तविक गाडीचा दरवाजा हाच स्पीकरचा डबा असतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांस मिळाले की एकमेकांना खाऊन टाकतात. विशेषतः जाड आवाज, म्हणजे बास, नाहीसा होतो. दरवाजाच्या आतल्या पत्र्याला कारखान्यातूनच मोठी भोके ठेवलेली असतात. ती उघडी राहिली तर कितीही भारी स्पीकर डबा वाजविल्यासारखाच वाजणार.

म्हणून पहिले काम हे करावे. दरवाजाचे आतले पॅड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी हळुवार उघडावे. स्क्रूड्रायव्हर घालून क्लिपा तोडू नयेत. बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावावी. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नाही. मधला भाग पाव ते एक तृतीयांश झाकला तरी पत्र्याची थरथर थांबते. बोटाने टकटक केल्यास ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्प’ आवाज यावा. मग आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत. शीट ब्युटाइल रबराची घ्यावी. स्वस्त डांबरी शीट आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पातळ होते, निखळते आणि गाडीत वास सुटतो.

येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात. दरवाजाच्या तळाशी पावसाचे पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती कदापि बुजवू नयेत. अन्यथा दोन पावसाळ्यांत दरवाजा गंजतो. स्पीकरखालचे कडे प्लायवूडचे केले तर ते पाण्याने फुगते, म्हणून प्लॅस्टिकचे घ्यावे किंवा लाकडाला सर्व बाजूंनी रंग द्यावा. आणि पॅड बंद करण्यापूर्वी काच पूर्ण खाली-वर करून ती स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही ना, हे पाहावे.

३. वायर, फ्यूज आणि अर्थिंग

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कारण येथे प्रश्न आवाजापुरता राहत नाही. गाडीचा आणि गाडीतील माणसांचा होतो.

समजा, ॲम्पची एकूण खरी शक्ती २५० वॅट आहे. जुन्या पद्धतीचा ॲम्प जवळजवळ तेवढीच शक्ती उष्णतेत घालवितो. म्हणजे तो बॅटरीकडून ५०० वॅट मागतो. ५०० भागिले १३.८ म्हणजे सुमारे ३६ अँपिअर. एवढा प्रवाह वाहून नेणारी वायर किती जाड हवी? बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर लागते असे धरू. घरच्या फिटिंगची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर वापरली तर पूर्ण भार असताना १.२ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात आणि वायरीत सुमारे ४५ वॅट उष्णता तयार होते. ही वायर गालिच्याखालून, सीटखालून दाबून नेलेली असते, म्हणजे गालिच्याखाली एखादी सोल्डरिंग इस्त्री चालू ठेवल्यासारखेच झाले. तीच वायर ८ चौरस मिलिमीटरची असेल तर घट ०.४ व्होल्टच्या आत राहते आणि उष्णताही एक तृतीयांशाहून कमी होते.

वायर घेताना आणखी एक फसगत होते. जाड आणि चमकदार दिसणारी पुष्कळशी वायर ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर फक्त तांब्याचा मुलामा दिलेला असतो. ती तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच वीज वाहून नेते. ओळखण्याची रीत सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची. अशी वायर वापरायचीच असेल तर जाडी दीडपटीहून अधिक घ्यावी आणि बिलात तसे स्पष्ट लिहावे. तांब्याच्या भावाने ॲल्युमिनियम देणे हे मापात पाप आहे.

फ्यूज हा ॲम्पच्या रक्षणासाठी असतो, असा समज आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवावा. ॲम्पजवळ बसवून भागत नाही. बोनेटच्या पत्र्यातून वायर आत येते तेथे तिची साल घासली गेली तर ती थेट बॉडीला चिकटते. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर वायर लाल होऊन पेट घेते. त्या भोकात रबराचे बुच घातल्याशिवाय वायर ओढू नये. वरच्या उदाहरणात ४० अँपिअरचा फ्यूज पुरे. तो वारंवार उडत असेल तर कारण शोधावे. त्याजागी तार गुंडाळणे किंवा ८० चा फ्यूज घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय.

अर्थिंग, म्हणजे ॲम्पची मायनस वायर, हे बहुतेक बिघाडांचे मूळ असते. ती प्लसच्या वायरीइतकीच जाड आणि शक्यतो दीड फुटापेक्षा आखूड असावी. जेथे लावायची तेथील रंग घासून चकचकीत पत्रा काढावा, थिंबल दाबून बसवावे, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा रंग द्यावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. त्यावर जीव अवलंबून असतो. काम झाल्यावर गाणे मोठ्याने चालू ठेवून ॲम्पचे मायनस आणि बॅटरीचे मायनस यांमधील दाब मीटरवर पाहावा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक दिसला तर अर्थिंग पुन्हा करावे.

हे सर्व काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची मायनस वायर सोडावी. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यांना हात लावू नये, मीटरही लावू नये. चालकापुढील एअरबॅग आपल्या देशात नव्या मोटारींना २०१९ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे आता लहान गाडीतही ही काळजी घ्यावी लागते. कंपनीच्या वायरी कापू नयेत. त्या त्या गाडीचे कप्लर बाजारात मिळते, ते मध्ये जोडावे. म्हणजे ग्राहकाची वॉरंटी धोक्यात येत नाही आणि गाडी विकताना मूळ स्टिरिओ परत बसविता येतो.

४. गेन म्हणजे आवाज वाढविण्याचे बटन नव्हे

ॲम्पवर ‘गेन’ नावाचा एक छोटा स्क्रू असतो. तो पूर्ण फिरविला की आवाज लवकर मोठा होतो, म्हणून पुष्कळ जण तो पूर्ण फिरवूनच ठेवतात. हीच मोठी चूक होय. शेतकरी पाटाच्या पाण्याला दारे धरतो तेव्हा वाफ्याला पेलेल इतकेच तोंड उघडतो. जास्त उघडले तर बांध फुटतो. गेनचे तसेच आहे. स्टिरिओकडून येणारा दाब आणि ॲम्पची ताकद यांचा मेळ घालणे एवढेच त्याचे काम.

मेळ घालण्याची पद्धत अशी. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडाव्यात. स्टिरिओचे बास, ट्रेबल व इक्वलायझर शून्यावर ठेवावेत, ‘लाउडनेस’ बंद करावा. ॲम्पचे फिल्टर ‘फुल’वर ठेवावेत. गेन सर्वांत कमी करावा. इंजिन चालू ठेवून पेनड्राइव्हवरून ५० ते १०० हर्ट्झची पूर्ण पातळीची एकसुरी ध्वनिफीत लावावी; स्वस्त मीटर याच टापूत नीट माप दाखवितात. स्टिरिओचा आवाज पूर्णाच्या तीन चतुर्थांशावर न्यावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावावा आणि गेन हळूहळू वाढवावा.

कोठे थांबायचे? वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. ६० वॅट आणि ४ ओहम असतील तर गुणाकार २४०, वर्गमूळ सुमारे १५.५ व्होल्ट. वूफरचा २५० वॅटचा ॲम्प ४ ओहमवर असेल तर गुणाकार १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. त्या आकड्याला स्क्रू सोडून द्यावा. मग स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नये, हे ग्राहकास समजावून सांगावे. स्पीकर अधिक वॅटने जळतात तसेच फाटलेल्या आवाजानेही जळतात; कारण चौकोनी लाटेत शक्ती जवळजवळ दुप्पट होते, आणि तिच्यातून निघणारे जादा बारीक सूर नाजूक ट्वीटरच्या गुंडाळीवर जाऊन आदळतात.

ओहमचेही भान ठेवावे. ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलला समांतर जोडले की २ ओहम होतात आणि ॲम्पवर दुप्पट भार येतो. ॲम्पच्या पाठीवर २ ओहम लिहिलेले नसेल तर असे जोडू नये.

५. जुळवणी

बसविणे झाले की जुळवणी. येथे घाई करणारा कारागीर आपल्या निम्म्या मेहनतीवर पाणी सोडतो.

प्रथम प्लस-मायनस तपासावे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर लावावा. सेलचे प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर येतो. चारही दरवाजांचे मोठे स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक जरी उलटा असला तरी बास कमी होतो आणि आवाज कोठून येतो हेच कळत नाही. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये.

दुसरे, प्रत्येकाला त्याच्या ताकदीचे काम द्यावे. दरवाजातील साडेसहा इंची स्पीकर फार जाड आवाज पेलू शकत नाही. त्याला ८० हर्ट्झच्या वरचा आवाज द्यावा आणि ८० च्या खालचा वूफरला द्यावा. वूफर नसेल तर दरवाजाचे फिल्टर ५० ते ६० हर्ट्झवर ठेवावे. एवढ्याने आवाज एकदम मोकळा होतो, कारण स्पीकर न झेपणारे ओझे उचलण्याचे थांबवितो.

तिसरे, अंतराचा हिशेब. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या कानापासून समजा ९० सेंटिमीटरवर आहे आणि डावा १४० वर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे डाव्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि सारे संगीत उजव्या दारात चिकटल्यासारखे वाटते. हल्लीच्या पुष्कळ स्टिरिओंत ‘टाइम अलाइनमेंट’ किंवा ‘डिले’ची सोय असते. टेपपट्टीने अंतर मोजावे आणि जवळच्या, म्हणजे उजव्या स्पीकरला तेवढा उशीर द्यावा. मग बोलणारा माणूस काचेच्या मध्यभागी समोर बसला आहे असे वाटू लागते. या कामाला एक पैशाचाही माल लागत नाही आणि ग्राहकाला सर्वांत जास्त आश्चर्य याचेच वाटते.

चौथे, इक्वलायझर. काही जण पहिली आणि शेवटची बटने पूर्ण वर करून ठेवतात. एखादा सूर ६ डेसिबल वर केला म्हणजे त्या सुरासाठी ॲम्पकडून चौपट शक्ती मागितली, हे विसरू नये. म्हणून वाढविण्यापेक्षा कमी करण्याकडे कल ठेवावा. जो सूर कानाला टोचतो तो २-३ डेसिबल खाली आणावा.

तपासणीसाठी आधी माणसाचे बोलणे लावावे. बातम्या, व्याख्यान, किराअत, कीर्तन, जे ग्राहक ऐकत असेल ते. ‘स’ आणि ‘श’ टोचत नाहीत आणि शब्द गुदमरत नाहीत, इतके साधले की मग कव्वालीतील टाळ्या आणि तबला ऐकावा. टाळी कोरडी आणि बायाचा घुमारा मोकळा ऐकू आला तर जुळवणी बरी झाली असे समजावे.

आवाज हा गाडीप्रमाणे जुळवावा लागतो, ही गोष्ट मोठ्यांनीही मान्य केली आहे. अमेरिकेत १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आला. त्यानंतर कित्येक वर्षे एकाच तऱ्हेचे खोके सर्व गाड्यांत बसविले जात. बंगाली पित्याचे पुत्र आणि एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस यांनी जनरल मोटर्सच्या १९८३ च्या मॉडेलांसाठी त्या त्या गाडीची आतील जागा, काचा आणि आसने लक्षात घेऊन जुळविलेली यंत्रणा दिली. त्यांचे नाव झाले ते याच दृष्टीमुळे. कन्नडच्या कारागिराजवळ प्रयोगशाळा नसेल, पण टेपपट्टी, मीटर आणि दोन कान आहेत.

६. नेहमीच्या तक्रारी

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर ती बहुधा अल्टरनेटरची असते. आधी अर्थिंग पाहावे. मग आवाजाची बारीक वायर प्लसच्या जाड वायरीशेजारून गेली आहे काय ते पाहावे. दोन्ही गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात. तरीही राहिली तर ॲम्पपासून आवाजाची वायर काढावी. शिट्टी थांबली तर दोष स्टिरिओच्या किंवा त्या वायरीच्या बाजूस आहे. न थांबल्यास ॲम्पच्या बाजूस.

दुसरी तक्रार बॅटरी उतरण्याची. ॲम्पची ‘रिमोट’ वायर किल्लीबरोबर बंद होणाऱ्या जागी न जोडता कायम चालू असलेल्या वायरीला जोडली तर ॲम्प रात्रभर जागा राहतो. तो एक अँपिअर जरी खात असला तरी १२ तासांत १२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीचा हा तिसरा हिस्सा होय. जुनी बॅटरी सकाळी स्टार्टर फिरविणार नाही. कन्नडच्या एखाद्या वस्तीवरून रात्री-अपरात्री पेशंट घेऊन संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे निघायचे आहे आणि गाडी सुरूच होत नाही, ही वेळ एका चुकीच्या जोडणीने येऊ शकते. म्हणून गाडी परत देण्यापूर्वी सर्व काही बंद करून, दरवाजे लावून, बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर घालून प्रवाह मोजावा. थोड्या वेळाने तो ५० मिलिअँपिअरच्या आत आला पाहिजे. ही पाच-दहा मिनिटांची तपासणी कोणाच्याही गाडीत चुकवू नये.

७. कान, कायदा आणि घाट

काळी-पिवळी किंवा मालवाहू गाडी चालविणारा माणूस दिवसाचे आठ-दहा तास सीटवर असतो. कानाच्या आरोग्याचा सर्वमान्य हिशेब असा आहे की ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. ज्या ग्राहकाला शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते त्याचे कान धोक्यात आहेत. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

औट्रम घाटाच्या वळणांवर समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणे हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो. घाटात आवाज कमी ठेवावा, एवढा सल्ला कारागिराने प्रत्येकाला द्यावा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. चांगल्या यंत्रणेची खूण ही की आत बसलेल्याला सर्व काही ऐकू यावे आणि रस्त्यावरच्या माणसाला काहीही नाही. दरवाजे नीट बंद केलेल्या गाडीत हे सहज साधते. रस्ता दणाणून सोडणे हे जुळवणी न झाल्याचे लक्षण आहे.

८. धंद्याचा हिशेब

या कामाला लागणारी हत्यारे थोडी आहेत : चांगला मल्टीमीटर, थिंबल दाबण्याचा पक्कड, वायर सोलण्याचे हत्यार, सोल्डरिंग इस्त्री, पॅड उघडण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, टेपपट्टी आणि ध्वनिफितींचा पेनड्राइव्ह. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतलेल्या मुलाला हे काम लवकर आत्मसात होते. ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून मोबाइलवरून विनाशुल्क करता येते, ती करून घ्यावी. म्हणजे दुकान कागदोपत्री उभे राहते.

मजुरीचा दर पाटीवर लिहावा आणि कामे वेगळी दाखवावीत : स्टिरिओ बदलणे, दरवाजा बांधणे, ॲम्पची वायरिंग, जुळवणी. ग्राहकाने माल बाहेरून आणला म्हणून तोंड वाकडे करू नये. त्याला सांगावे, ‘दादा, माल तुमचा, हमी कंपनीची. काम आमचे, त्याची हमी आमची.’ या एका वाक्यात पुढचे सर्व वाद मिटतात.

एक वही ठेवावी. गाडीचा क्रमांक, वायरीची जाडी, फ्यूज किती अँपिअरचा, गेन किती व्होल्टवर ठेवला, बंद गाडीतील प्रवाह किती, हे तिच्यात लिहावे आणि त्याची नक्कल ग्राहकाला द्यावी. सहा महिन्यांनी तक्रार आली तर वही उघडून मोजमाप पुन्हा घ्यावे. दोष आपल्या कामाचा असेल तर फुकट दुरुस्त करावा. कोणी स्क्रू फिरविला असेल तर तेही आकड्यांवरून दिसते आणि भांडण होत नाही.

ग्राहकाचे अंदाजपत्रक लहान असेल तर पैसे याच क्रमाने खर्च करवावेत : प्रथम दरवाजे आणि पुढचे दोन चांगले स्पीकर, मग योग्य वायर-फ्यूजसह छोटा ॲम्प, त्यानंतर वूफर, आणि सर्वांत शेवटी, जुना चालत असेल तर, नवा स्टिरिओ. मागच्या स्पीकरांवर खर्च करण्याची घाई नको. ऐकणारे पुढे बसलेले असतात. ज्याच्याकडे आज दरवाजांपुरतेच पैसे आहेत त्याचे दरवाजेच नीट करून द्यावेत. मका, कापूस किंवा अद्रकाचे पैसे हाती आले की तो उरलेल्या कामासाठी त्याच दुकानात येईल.

कन्नडचा गाडीमालक या कामासाठी ६० किलोमीटर दूर जातो तो माल तेथे चांगला मिळतो म्हणून नव्हे. माल तर आता त्याच्या दारात येतो. तो विश्वासासाठी जातो. तो विश्वास कन्नडमध्येच निर्माण करणे हे आपल्या तरुणांच्या हातात आहे. दीड फुटाच्या आत फ्यूज, घासून चकचकीत केलेले अर्थिंग, मीटरने लावलेला गेन आणि वहीत लिहिलेला आकडा, एवढ्याला फार भांडवल लागत नाही. ज्या दुकानाच्या वहीत हे आकडे खरे असतील त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.